स्वराज्य, सुराज्य आणि कोल्हापूर



मी फाटकसभेत बोलणारा माणूस आहे. तेथे भोंगा झाला की श्रोते उठून आत जातात, त्यामुळे लांबण लावण्याची सवय मला नाही. शाळा नववीत सुटली. पुढे जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, आपल्या करवीर नगर वाचन मंदिराच्या बाकावर बसून वाचले. तेव्हा माझ्या बोलण्यात पंडिताची शिस्त नसेल. पण विषय मी मुद्दाम मागून घेतला आहे, कारण त्याच्याशी माझा रोजचा संबंध येतो. विषय असा की, परक्याच्या राज्यात आपले काही भले होत असेल तर ते राज्य चालू द्यावे काय. आणि आपले राज्य येणार असेल तर ते येण्याआधी 'आपले' म्हणजे नेमके कोणाचे, हे विचारावे की नाही.

इंग्रजी राज्याला विरोध करणारे ते देशभक्त आणि त्याच्याकडे काही मागणारे ते सरकारचे भाट, अशी वाटणी आम्ही शाळेत शिकलो. अलीकडे ह्याच्या उलट वाटणीही कानावर येते. स्वराज्य मागणारे ते वरच्या जातींचे मतलबी, आणि इंग्रजांच्या आश्रयाने सुधारणा करणारे तेवढेच लोकांचे. ह्या दोन्ही वाटण्या करायला सोप्या आहेत. कोल्हापूरच्या इतिहासाला मात्र त्या लागू पडत नाहीत, हे मला आज दाखवायचे आहे.

पहिला दाखला १८८२ सालचा घ्या. पुण्याहून 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे निघून जेमतेम वर्ष झालेले. आपल्या गादीवर त्या वेळी चौथे शिवाजी महाराज होते, वयाने लहान, आणि त्यांना वेडे ठरवून त्यांचे हाल केले जातात अशी बोलवा होती. टिळक आणि आगरकर ह्या दोन तरुणांनी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे ह्यांच्यावर लेख लिहिले. ज्या पत्रांच्या आधारावर लिहिले ती पत्रे बनावट निघाली. अब्रुनुकसानीचा खटला झाला, चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. इतके बहुतेकांना ठाऊक असते. पण त्या खटल्यात जामिनाची वेळ आली तेव्हा दहा हजारांचा जामीन कोण राहिला? सत्यशोधक समाजाचे रामशेठ उरवणे. जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून. आणि सुटून आल्यावर स्वागताला पुढे कोण होते? नारायण मेघाजी लोखंडे, हेही सत्यशोधकच. ज्यांना पुढे आपण दोन टोकांना नेऊन बसवले ती माणसे १८८२ साली कोल्हापूरच्या एका पोरवयाच्या राजासाठी एका बाजूला उभी होती. तो राजा पुढच्याच वर्षी, १८८३ च्या डिसेंबरात, अहमदनगरला ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत मरण पावला.

मग फाटले कोठे? त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

कोल्हापुरात इंग्रजांचे राज्य सरळ नव्हते. गादी छत्रपतींची, कारभार दिवाणाचा आणि दोघांच्या डोक्यावर पोलिटिकल एजंट. ह्या व्यवस्थेविरुद्ध पहिले उठले ते १८४४ साली गडकरी, सामानगडापासून पुढे. त्यांच्या जमिनी आणि गडावरचे मानपान नव्या कारभाराने हिरावले होते. १८५७ च्या ३१ जुलैला येथल्या सत्ताविसाव्या पलटणीने बंड केले. छत्रपतींचे बंधू चिमासाहेब ह्यांना कराचीला नेऊन ठेवले, ते परत आलेच नाहीत. ही माणसे शूर होती, ह्यात वाद नाही. पण हिशेब केला तर दिसते असे की, ज्याचे काही गेले तो उठला. ज्याच्याकडे जाण्यासारखे काही नव्हतेच, त्या कुणब्याच्या, महाराच्या, मांगाच्या घरात इंग्रजी राज्याचा जमाखर्च निराळा मांडला जात होता.

तो जमाखर्च जोतीरावांनी मांडला. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांचा रोख असा की, इंग्रज आला म्हणून शूद्रातिशूद्राच्या पोराला शाळेचा उंबरठा दिसला. एवढेच वाचून लोक पुस्तक मिटतात. दहा वर्षांनी, १८८३ साली, त्याच माणसाने 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, आणि त्यात गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार, पेन्शनी, शेतकऱ्यावरचे पट्टी-फंड ह्यांची जी उलटतपासणी आहे ती कोणत्याही जहाल पत्राने हेवा करावा अशी आहे. १८८८ साली राणीच्या मुलासाठी, ड्यूक ऑफ कनॉटसाठी, पुण्यात मेजवानी झाली. जोतीराव तेथे शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि ह्या दरबारी लोकांवरून देशाची परीक्षा करू नका, असे पाहुण्याला सुनावून आले. ह्याला तुम्ही सरकारची भाटगिरी म्हणाल?

वरच्या थरातही एकच सूर नव्हता. भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ सालीच टोपणनावाने मुंबईच्या इंग्रजी पत्रात कंपनी सरकारवर लूटमारीचा आरोप केला होता. लोकहितवादी १८४८ पासून शतपत्रांतून सांगत होते की, हे राज्य म्हणजे शाळा समजा आणि शिकून घ्या. पण हे फार झाले. मला माझ्या माणसांकडे यायचे आहे.

माझी माणसे म्हणजे गिरणीतली. लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणीकामगारांची संघटना उभारली. मागणी काय, तर आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर. आज हे ऐकून हसू येते. तेव्हा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत साचा चालत असे. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा झाला तो सात वर्षांच्या आतल्या पोरांना कामावर घेऊ नये, एवढे सांगायला! म्हणजे आठ वर्षांचे पोर चालत होते, नऊ तास. ह्या कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा मत्सर होता, मुंबईचा माल महाग व्हावा अशी त्यांची इच्छा होती, हे अगदी खरे आहे. आपल्या बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी तेच कारण दाखवून कायद्याला विरोध केला. देशी धंदा बुडेल, म्हणाले. लोखंड्यांनी त्या भांडणात न पडता कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे ठेवला. १८९० च्या जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी पक्की झाली.

आता प्रश्न असा की, परक्या सरकारने, स्वतःच्या स्वार्थासाठी का होईना, दिलेली सुट्टी कामगाराने घ्यावी की स्वदेशी मालकावरच्या प्रेमापोटी नाकारावी? मी कामगारांत तीस वर्षे काढली आहेत. मी तुम्हाला सांगतो, तो घेईल, आणि त्याने घ्यावीच. पण ती घेतली म्हणून तो परक्याचा होतो, असे समजणाऱ्यांना कामगार कळलेला नाही. त्याच मुंबईत १९०८ च्या जुलैत लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणीकामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. वर्षाला एक दिवस. लष्कर रस्त्यावर आले, गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे मेली. ह्या संपासाठी त्यांना कोणी पगारवाढ कबूल केली नव्हती. कोंकणातून आणि घाटावरून गेलेली ती माणसे. त्यांतल्या कित्येकांना 'केसरी' वाचताही येत नसेल.

आता आपल्या गावात येऊ. राजर्षी शाहू महाराजांच्या हाती १८९४ च्या एप्रिलमध्ये अधिकार आले. दरबारच्या वरच्या नोकऱ्यांत त्या वेळी ७१ जागा होत्या आणि त्यांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. ह्यात ब्राह्मणांचा गुन्हा काही नव्हता. शिकलेला तोच होता. पण राज्य छत्रपतींचे आणि दप्तर एका जातीचे, हे महाराजांनी पाहिले. मग १८९९ पासून वेदोक्ताचे प्रकरण पेटले. राजाला स्वतःच्या वाड्यात वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाही, असे त्याचाच पगारी पुरोहित सांगतो! 'केसरी'ने १९०१ साली ह्या मागणीला खूळ म्हटले. तेथे मन तुटले. पुढे १९०२ च्या २६ जुलैला, महाराज विलायतेत असताना, करवीर सरकारच्या गॅझेटात हुकूम निघाला की रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. १९१२ सालापर्यंत वरच्या ९५ जागांपैकी ब्राह्मणांकडे ३५ राहिल्या होत्या.

महाराजांनी वसतिगृहे काढली त्यांची नावे पाहा. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, मिस क्लार्क होस्टेल. एक राणीचे नाव, दुसरे गव्हर्नरच्या मुलीचे. पाटीवर इंग्रज आणि आत मराठ्याचे नाहीतर महाराचे पोर, अशी ती व्यवस्था होती. महाराजांना रेसिडेंटला सांभाळूनच राहावे लागे. त्यांच्या आधीच्या छत्रपतींचे काय झाले हे मघाशी सांगितलेच. दुसऱ्या बाजूला, ह्याच कोल्हापुरात प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर 'विश्ववृत्त' मासिक काढीत होते, राष्ट्रीय शिक्षणासाठी समर्थ विद्यालय चालवीत होते. १९०८ साली मासिकातल्या एका लेखावरून राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना तीन वर्षांची शिक्षा लागली. एकाच गावात एक माणूस पोरांच्या राहण्याची सोय करतो म्हणून इंग्रजाशी गोड बोलतो, आणि दुसरा पोरांना शिकवतो म्हणून इंग्रजाच्या तुरुंगात जातो. मला दोघांचे फोटो एका भिंतीवर लावताना अवघड वाटत नाही. ज्यांना वाटते त्यांनी आपली भिंत रुंद करावी.

खरा वाद जुंपला तो १९१६ नंतर. लोकमान्य मंडालेहून सुटून आलेले, होमरूलची चळवळ बेळगावात सुरू झालेली, लखनौचा करार झालेला. माँटेग्यूसाहेब सुधारणा देणार, तर त्या कोणाच्या पदरात पडणार? १९१७ च्या अखेरीस खामगावच्या मराठा शिक्षण परिषदेत महाराजांनी आपली भूमिका मांडली. तिचा आशय असा: आम्हाला स्वराज्य नको असे नाही, हवेच आहे, पण जाती आज आहेत तशाच राहिल्या तर येणारे राज्य मूठभरांचे होईल, ते होऊ नये म्हणून निदान दहा वर्षे तरी जातवार प्रतिनिधी द्या, आणि जातिभेदाचे विष उतरेपर्यंत इंग्रजांचे छत्र असू द्या. ह्याच सुमारास अथणीच्या सभेत लोकमान्यांनी, शेतकऱ्याने, तेल्या-तांबोळ्याने कौन्सिलात जाऊन काय करायचे आहे, अशा अर्थाचे उद्गार काढल्याचे सांगतात. शब्दांविषयी वाद आहे. झालेल्या जखमेविषयी नाही. १९१८ च्या मार्चमध्ये मुंबईच्या अस्पृश्यता-निवारण परिषदेत त्याच लोकमान्यांनी, देव अस्पृश्यता मानील तर त्याला मी देव मानणार नाही, असे ठणकावले. आणि स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही ह्या जाहीरनाम्यावर सही मात्र केली नाही. सहीचे महत्त्व काय असते, हे वाटाघाटीच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला विचारावे.

आता मी ह्या वादाकडे फाटकावरून कसे पाहतो ते सांगतो. त्यासाठी दोन हकीकती सांगाव्या लागतील.

शिरोलीच्या बाजूला एक फौंड्री होती. नाव घेत नाही. मालक देवमाणूस. दिवाळीला साखर, पोरीच्या लग्नाला उचल, कोणी भाजला तर स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात. आम्ही युनियनची गोष्ट काढली की मोल्डर म्हणत, "साहेब, आमचा धनी चांगला आहे. युनियन कशाला?" ह्या प्रश्नाला उत्तर देणे फार कठीण असते, कारण धनी खरोखरच चांगला होता. मग तो वारला. मुलाने हिशेबनीस बदलला आणि एका महिन्यात साखर, उचल, गाडी, सगळे बंद झाले. कागदावर काहीच नव्हते. जे दिले ते त्याच्या मर्जीने दिले होते, आणि मर्जी त्याच्याबरोबर गेली. चांगल्या राज्याची नेमकी हीच अडचण आहे. गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल वरिष्ठ कौन्सिलात आणले. सरकारने ते पडू दिले. इंग्रजाची मर्जी शाळा काढण्यापर्यंत होती, प्रत्येक पोराला शाळेत बसवण्यापर्यंत नव्हती. तेच काम शाहू महाराजांनी १९१७ साली ह्या छोट्या संस्थानात हुकूम काढून केले. म्हणजे बहुजनांचे कल्याण परके सरकार करील, ह्या म्हणण्याला पहिला छेद महाराजांच्याच हुकमाने गेला. पण महाराजांच्या हयातीत कोल्हापुरात लोकांनी निवडलेले विधिमंडळ आले नाही, हेही सांगायला हवे. तेही चांगल्या धन्याचेच राज्य होते. १९२२ च्या मे महिन्यात महाराज गेले.

दुसरी हकीकत. एका कारखान्यात आमची युनियन जोरात होती, करार चांगला झाला होता. सर्वसाधारण सभेत पेढे वाटणे चालू असताना मागे उभा असलेला एक कंत्राटी कामगार म्हणाला, "हा पेढा आमचाबी हाय का?" सभा गप्प झाली. तो तेथे नऊ वर्षे राख उपसत होता आणि त्याचे नाव ना मस्टरवर, ना युनियनच्या वहीत. कायम कामगारांपैकी काही जण चिडले. आत्ताच काय घाई आहे, आधी युनियन मजबूत होऊ दे, मालक ह्याचा फायदा घेईल, फूट पडेल. ही वाक्ये मी इतिहासाच्या पुस्तकांत शब्दशः वाचलेली होती. आधी स्वराज्य येऊ द्या, मग वाट्याचे पाहू. दोन वर्षे खटपट करून कार्यकारिणीत कंत्राटी कामगारांना दोन जागा मिळाल्या. आणि गंमत अशी की, त्यानंतरच्या वाटाघाटींत मालकाला आमच्यात फूट पाडता आली नाही, कारण जेथून फूट पडायची ती जागाच आम्ही भरून काढली होती.

टिळकांचा प्रश्न पहिल्या हकीकतीतला आहे आणि शाहू महाराजांचा दुसऱ्या. फौंड्रीतल्या मोल्डराला लोकमान्यांचे ऐकणे भाग आहे, आणि युनियनच्या सेक्रेटरीला महाराजांचे. आपल्याकडे मात्र मोल्डराने महाराजांचा दाखला द्यायचा आणि सेक्रेटरीने लोकमान्यांचा, असे उलटे चालते. ज्याला जे सोयीचे ते तो उचलतो.

हे दोन्ही प्रश्न एकदम विचारणारी माणसे महाराष्ट्रात होती, हे आपले भाग्य. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे हे पहिले. १९०६ पासून अस्पृश्यांसाठी निराश्रित साहाय्यकारी मंडळी चालवीत होते, आणि १९१७ साली मराठ्यांना सांगत होते की राष्ट्रीय मागणीच्या पाठीशी उभे राहा. दोन्ही बाजूंनी शिव्या खाल्ल्या. दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२० च्या मार्चमध्ये कागलजवळ माणगावला शाहू महाराजांनी त्यांना अस्पृश्यांचे पुढारी म्हणून लोकांपुढे उभे केले. 'मूकनायक'ला मदत केली. पण बाबासाहेब महाराजांच्या छत्राच्या कल्पनेवर थांबले नाहीत. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत त्यांनी इंग्रजांना तोंडावर विचारले की, तुमच्या राज्याआधी आम्ही अस्पृश्य होतो, आजही आहोत. मग तुमच्या राज्याने आमचे काय केले? त्यांची मागणी स्वराज्याचीच होती, पण आपला वाटा घटनेत लिहून घेतलेल्या स्वराज्याची. सही घेतल्याशिवाय उठायचे नाही, हे त्यांच्याइतके कोणाला कळले नाही. तिकडे ब्राह्मणेतर पक्षाचे केशवराव जेधे त्याच सुमारास काँग्रेसच्या चळवळीत उतरले, आणि सोलापूरच्या गिरणीकामगारांनी १९३० च्या मे महिन्यात इंग्रजाला लष्करी कायदा पुकारायला लावला. चार जण १९३१ च्या जानेवारीत फाशी गेले.

कोल्हापुरात हे काम भाई माधवराव बागलांनी केले. वडील खंडेराव बागल सत्यशोधक, 'हंटर' पत्राचे संपादक. घरात महाराजांविषयी भक्ती. त्याच घरातला मुलगा शेतकऱ्यांचा मोर्चा घेऊन महाराजांच्या मुलाच्या दारात गेला. १९३९ साली जयसिंगपूरला प्रजापरिषद भरली आणि जबाबदार राज्यपद्धतीची मागणी झाली. शाहू महाराजांचे आम्ही ऋणी आहोत, म्हणूनच आता लोकांचे राज्य हवे, असा तो युक्तिवाद होता. काहींना ती कृतघ्नता वाटली. मला त्यात शाहू महाराजांचीच शिकवण पुढे चाललेली दिसते. ज्याला शिकवून शहाणे केले तो एक दिवस वहीत सही मागणारच. ह्याच बागलांनी १९५० च्या डिसेंबरात बिंदू चौकात महात्मा फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा बसवला, बाबासाहेब हयात असताना.

पण आपले राज्य आले म्हणजे भागले, असेही नाही. १९३७ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले; स्वराज्याचा पहिला हप्ता. पुढच्याच वर्षी त्यांनी औद्योगिक कलहाचा असा कायदा आणला की, संप करणे मुश्कील व्हावे. १९३८ च्या ७ नोव्हेंबरला बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे, एक होऊन संपात उतरले, आणि आपल्याच मंत्र्यांच्या पोलिसांनी गोळीबार केला. कोल्हापुरात १९४७ च्या अखेरीस प्रजापरिषदेचे मंत्रिमंडळ आले. थोड्याच महिन्यांत गांधीजींचा खून झाला आणि ह्या गावात ब्राह्मणांची घरे जळाली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. लोकनियुक्त मंत्रिमंडळाला ते थांबवता आले नाही. मंत्रिमंडळ गेले, प्रशासक आला, आणि १९४९ च्या १ मार्चला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्या जळिताविषयी आपण गावात फार कमी बोलतो. वाट्याचा न्याय मागणाऱ्या चळवळीच्या नावावर शेजाऱ्याचे घर जाळले गेले, तर त्याचा जाब त्या चळवळीच्या वारसांनी, म्हणजे आम्हीच, द्यायला हवा.

प्रशासक हा शब्द आला म्हणून आजचे बोलतो. २०२० च्या नोव्हेंबरात आपल्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. पुढची पाच वर्षे आणि वर काही आठवडे गावाला नगरसेवक नव्हता. करोनाचे कारण झाले, मग प्रभागांच्या रचनेचे, आणि सर्वांत मोठे इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या खटल्याचे. म्हणजे वाटा आधी की निवडणूक आधी, हा १९१७ चाच वाद सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढत होता, आणि तोवर गाव साहेबाच्या हाती. २०२६ च्या जानेवारीत अखेर मतदान झाले. ह्या पाच वर्षांत चहाच्या गाड्यावर, तालमीत, लग्नाच्या पंगतीत मी एक वाक्य कितीदा ऐकले असेल: "नगरसेवक नाहीत तेच बरं. साहेब तरी खात नाही, काम करतो." हे बोलणारी माणसे काही वाईट नव्हती. टक्केवारीला कंटाळलेली होती. पण कमालीची जुनी गोष्ट ती बोलत होती. राणीच्या राज्यात काठीला सोने बांधून काशीला जावे, असे म्हणणारे आपले आजे-पणजे हेच बोलत होते.

ह्याला सर्वांत चांगले उत्तर एका इंग्रजानेच देऊन ठेवले आहे. लॉर्ड रिपन ह्यांनी १८८२ च्या मे महिन्यात, म्हणजे टिळक-आगरकरांचा खटला चालू होता त्याच दिवसांत, स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला. त्यात त्यांनी कबूल केले की ह्यामुळे कारभार लगेच सुधारेल असे नाही. पण लोकांना राज्य करायला शिकायचे तर दुसरी शाळा नाही. परक्या व्हाइसरॉयला जे कळले होते ते आम्हाला पंगतीत बसून कळत नाही. चांगल्या साहेबाची बदली होते. मग तिसऱ्या गल्लीत पाणी आले नाही, तर तेथल्या बाईने घागर घेऊन कोणाच्या दारात उभे राहायचे? नगरसेवक वाईट असेल, पण त्याचे घर तिला माहीत असते, आणि त्यालाही तिचे मत माहीत असते.

आणि जे निवडून आले त्यांना मी दुसऱ्या हकीकतीतला प्रश्न विचारणार आहे. ड्रेनेजमध्ये उतरणारी, कचरा उचलणारी जी माणसे ठेकेदाराच्या वहीत आहेत आणि पालिकेच्या मस्टरवर नाहीत, त्यांच्या वतीने सभागृहात बोलणार कोण? त्यांचा अर्ज तयार आहे. तो वाचून पाहायचा असेल त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे. प्रती थोड्या आहेत, पण आहेत. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांना वीस मिनिटे राखून ठेवली आहेत, ती मी खाऊ नयेत.